दोन भावांची एक यादी

"आत्या गायब झाली जी," नामदेवभाऊ दुकानात आले तेच घाम पुसत.

आत्या गायब झाली होती भाऊंच्या मुलीच्या लग्नाच्या यादीतून. आत्याचा अकरा वर्षांचा अबोला नुकताच सुटला होता. नवा पत्ता भाऊंनी स्वतः टाईप केला आणि चिठ्ठी फेकून दिली. आता कम्प्युटर आहे ना! पत्रिका पोचली नाही, की पुढची अकरा वर्षं पक्की.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. पांढुर्ण्यात कम्प्युटर विकणारा मी एकटाच. भाऊंकडे एक बसवला, सौंसरला धाकट्या सुधाकरकडे दुसरा. यादी दोन्हीकडे सारखी राहावी म्हणून फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायची पातळ चकती, कंडक्टरच्या हाती जायची-यायची.

"काल काय केलं?"

"सुधाकरची फ्लॉपी आली. तो नीट काम करते. म्हटलं, त्याचीच यादी खरी. आपली पुसून त्याची उतरवली."

"अन् तुमची?"

"ते बी त्याले गेली होती ना."

मी सौंसरला फोन लावला. सुधाकर म्हणाला, "मोठ्या भावापुढं माही यादी काय जी? माही पुसली, त्यायची उतरवली, फ्लॉपी बी कोरी केली. पण माह्या सासरचे वीस जण दिसून नाही राहिले."

एका यादीवर दुसरी उतरवली की खालची जाते. दोन्ही आपोआप मिसळत नाहीत. दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि याद्यांनी घरं बदलली. आत्या सौंसरला सुखरूप होती. फोन ठेवून मी पोट धरून हसलो.

भाऊ हसले नाहीत. "मी तं आत्ताच्या बसनं फ्लॉपी धाडली. म्हटलं, सुधाकर पुन्हा उतरवून पाहील, आत्या सापडंल."

म्हणजे आत्या नसलेली यादी, आत्या असलेल्या यादीवर. माझं हसू पळालं. फोन पुन्हा लावला, लाईन लागेना. भाऊंना स्कूटरवर मागं बसवलं आणि निघालो.

सौंसरला पोचलो तर फ्लॉपी मशीनच्या आत गेलेली. जुनी यादी पुसू का, असं मशीन विचारत होतं. सुधाकरचं बोट 'हो'च्या बटणावर.

"बोट उचला सुधाकरभाऊ," मी दारातूनच म्हणालो. "चहा पिऊ आधी."

दोन्ही याद्या छापून पेन्सिलीनं ओळ न् ओळ जुळवल्या. नियम घालून दिला: एकच फ्लॉपी, ज्याच्या घरी ती, त्यानंच टाईप करायचं. तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगत आलो, मान माणसांना द्या, याद्या मात्र तपासून घ्या.

आत्या लग्नाला आली. पत्रिकेत नाव बारीक छापलं म्हणून रुसली, पण मांडवात बसून रुसली.