हजेरीपटावरचं नाव

परमुलखात चार मराठी माणसं दर आठवड्याला एकत्र बसली, की किस्से साठणारच. आमची माणसं तर प्रार्थनेला बसतात, म्हणजे थापा मारायची सोय नाही. त्यामुळे आमचे किस्से कमी, पण खरे!

मी प्रकाश साळवे, मूळचा नगरचा, बेंगळुरूत सॉफ्टवेअर टेस्टर. राहतो एचएसआरला. दर शनिवारी संध्याकाळी मी आणि माझी बायको रूथ के. आर. पुरमला लीलाकाकूंकडे जातो. लीलाकाकू निवृत्त नर्स, वय एकाहत्तर. लग्न केलं नाही आणि कुणाचं ऐकलंही नाही. त्यांच्या हॉलमध्ये आमची अकरा जणांची मराठी मंडळी, म्हणजे आमचं छोटंसं चर्च, भरते.

आणखी एक आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी हळू आवाजात विचारायला नको. लग्नाला नऊ वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. हवं आहे. देव देणार, असं रूथ म्हणते. मी कधी आमेन म्हणतो, कधी गप्प बसतो.

*

सुरुवातीला वरच्या मजल्यावरच्या मंजुळाअक्का दर शनिवारी बेल वाजवायच्या. आमचं गाणं त्यांना सहन व्हायचं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही व्हायचं नाही! पेटी एका पट्टीत, आम्ही अकरा पट्ट्यांत.

लीलाकाकू दारात जाऊन सांगायच्या, "स्वल्प थांबा अक्का, सूर लागतोच आहे!"

दोन वर्षं तो लागतच होता. मग एका शनिवारी पेटी दुरुस्तीला गेली, म्हणून आम्ही नुसती प्रार्थना केली. बेल वाजली. दारात मंजुळाअक्का, चेहरा रागीट.

"इवत्तु हाडु इल्वा?"

आज गाणं नाही का, अशी तक्रार! तेव्हापासून त्या पहिल्या खुर्चीत बसतात आणि बेसूर झालं की आमच्याकडे बघतात.

*

ऑफिसातला माझा किस्सा. रिलीजच्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "अरे, उरलेल्या टेस्ट पास लिहून टाक."

"केल्या नाहीत, तर कशा लिहू?"

"क्लायंट बघायला येणार आहे का?"

"क्लायंट नाही. पण देव रोज बघतो."

तो हसला. प्रमोशन मात्र पुढच्या वर्षावर गेलं, आणि पुढच्या वर्षी त्याच्याही पुढच्या वर्षावर. मंडळीत सांगितलं, तेव्हा लीलाकाकूंनी लगेच डोळे मिटून हात जोडले. "प्रभू, या मॅनेजरला क्षमा कर. पण सावकाश कर."

*

आमच्यात नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी वचनं काढतात. डबीत चिठ्ठ्या असतात, प्रत्येक चिठ्ठीवर देवाचं एकेक वचन. ज्याला जे येईल, ते त्याचं वर्षभराचं.

या वर्षी निपुत्रिक बाईला लेकरांची आई करण्याचं वचन निघालं. कुणाला? लीलाकाकूंना!

शेजारी बसलेल्या रूथची चिठ्ठी होती धीर धरण्याबद्दल. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. शेवटी एकजण भीतभीत म्हणाला, "काकू, तुम्ही दोघी बदलून घेता का?"

रूथ उसळली. "का? ट्रेनचा बर्थ आहे का अदलाबदल करायला?"

"मीही देणार नाही," काकू म्हणाल्या. "एकाहत्तराव्या वर्षी कुणीतरी माझ्याकडून अपेक्षा ठेवली आहे!" ती चिठ्ठी अजून त्यांच्या चष्म्याच्या घरात आहे.

घरी येताना रूथ कॅबमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली. ते मात्र मंडळीत कुणाला ठाऊक नाही.

*

नगरहून आमची आत्या आली होती. जेवताना तिने विषय काढलाच. "अब्राहाम आणि सारा, दोघं म्हातारी झाली. पंचवीस वर्षं वाट पाहिली, तेव्हा कुठे त्यांना इसहाक झाला. तू तर अजून तरुण आहेस पोरी. साराकडे बघ."

रूथने तिच्या ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाली, "साराला नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता, आत्या!"

आत्याने आठ दिवस ग्रुपवर काहीच टाकलं नाही. आमच्या घराण्यात हा विक्रम आहे.

*

आता शेवटचा.

मंडळीतल्या मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवायचा वर्ग रूथकडे आहे; नाव संडे स्कूल, भरतो शनिवारी. मुलं म्हणजे एकच, शेरॉन. तिच्या वडिलांची पुण्याला बदली झाली, तेव्हा वर्ग संपला असं सगळ्यांनी धरलं. रूथने धरलं नाही. दर शनिवारी प्रार्थनेआधी अर्धा तास ती आतल्या खोलीत सतरंजी घालते, रंगीत खडूंना टोकं काढते, हजेरीपट उघडते आणि बसते. तीन वर्षं! मी एकदा म्हणालो, "बंद कर ना आता." त्यावर म्हणाली, "वर्ग बंद नाही. मुलं गैरहजर आहेत."

मध्यंतरी पुण्याच्या मुख्य मंडळीतून संसारे सर आले, निवृत्त हेडमास्तर. ते पहिल्यांदाच येत होते, आमच्यातलं कुणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं. कुठला वर्ग ठेवायचा, कुठला बंद करायचा, हे ते ठरवणार होते. सकाळपासून रूथ माझ्याशी धड बोलली नव्हती. मला कळत होतं. हा वर्ग गेला, तर तिच्या हातातून काय जाणार होतं, ते मला कळत होतं.

सरांनी रिकामी सतरंजी पाहिली, खडू पाहिले आणि हजेरीपट मागितला. आम्ही सगळे दारात उभे. शेरॉनचं नाव लाल शाईने कमी केलेलं होतं. सरांनी मान डोलावली. मग त्यांचं बोट खाली सरकलं.

"हा एक विद्यार्थी आहे अजून. इसहाक प्रकाश साळवे."

माझ्या हातात चहाचा कप होता. त्या हजेरीपटाला मी तोवर कधी हात लावला नव्हता.

सर पानं उलटत गेले. "गैरहजर. गैरहजर. गैरहजर. अहो टीचर, तीन वर्षांत हा एकदाही आलेला नाही. नियमाने याचं नाव कमी करायला हवं."

"त्याच्या आईला विचारल्याशिवाय नाव कमी करता येत नाही, सर," रूथ म्हणाली.

"मग बोलवा त्याच्या आईला."

"आईच बोलतेय."