दिवा लावून बघायचा पडदा

बुधाजीचा राग सकाळी त्याच्याआधी उठायचा. लिफ्टमधल्या बाईने गोड आवाजात "कृपया दरवाजा बंद करा" म्हटलं की हा तिच्यावर उखडायचा, "करतो ना बाय, जरा दम खा!" करंजाड्याच्या त्या सातमजली इमारतीत राहायला येऊन तीन वर्षं झाली, तरी त्या बाईचं आणि त्याचं काही जमलं नव्हतं. जन्म उरणच्या खाडीकाठचा. वीसेक वर्षं मासेमारी केली, मग पंचवीस वर्षं न्हावा शेव्याला जहाजावरचे कंटेनर सळयांनी आवळून बांधायचं काम. दोन्हीकडे वाऱ्यावर ओरडून बोलावं लागायचं. बुधाजी निवृत्त झाला, आवाज मात्र ड्यूटीवरच राहिला.

त्या रविवारचा राग मात्र निराळा होता. मिथुनने, म्हणजे त्याच्या मुलाने, हॉलमध्ये होम थिएटर करायला घेतलं होतं. प्रोजेक्टर छताला टांगून झाला, पडदा तेवढा राहिला होता. मिथुन आणि सूनबाई रिया आठवडाभर मोबाइलवर पडदेच बघत होती.

"बाबा, एकदम काळोख करायचा," रिया जेवताना म्हणाली. "खिडक्यांना जाड पडदे. दाराच्या फटीतूनसुद्धा उजेड यायला नको."

"मंग तुजी सासू काय बगंल?"

"बघतील की आमच्यासोबत!"

इथेच बुधाजीचं डोकं फिरलं. त्याची बायको गंगाबाई चाळीस वर्षं पहाटे तीनला उठून बंदरावर जायची, म्हावरं घ्यायची आणि पनवेलच्या बाजारात विकायला बसायची. अजूनही बसते. दिवसभर अख्खा बाजार दणाणून सोडणारी बाई, पण दिवा मालवला की दोन मिनिटांत घोरायला लागते. लग्नानंतर बुधाजीने हौसेने तिला तीनदा टॉकीजमध्ये नेलं. तिन्ही वेळा पडद्यावरची नावं संपायच्या आत तिची मान त्याच्या खांद्यावर. घरात टीव्ही होता, पण तो तिने ओट्यापाशी उभं राहून ऐकलेला, बघितलेला नव्हे. आयुष्यात एक पिक्चर काही तिने बसून, जागेपणी, शेवटापर्यंत पाहिला नव्हता. घरात थिएटर येणार म्हटल्यावर बुधाजीने मनात एवढंच धरलं होतं, की तिला एक तरी असा दाखवायचा. सांगितलं मात्र कुणालाच नाही. नुसताच चिडत राहिला.

म्हणून रविवारी, गंगाबाई बाजारात असताना, तो न बोलावता गाडीत जाऊन बसला.

नवीन पनवेलच्या त्या दुकानाचा मालक कुंदन. तो मिथुनशी इंग्रजीत बोलत होता, रियाशी हिंदीत, आणि बुधाजीशी बालवाडीतल्या मुलांशी बोलतात त्या मराठीत.

"सर, बेसिकली गो फॉर मॅट व्हाइट. एकशे वीस इंच. क्रिस्प! मॅडम, आप बैठिए ना. काका, तुम्ही पण बसा हं. पाणी हवंय? पाणी?"

"मला तहान नाय लागली," बुधाजी गुरगुरला.

कुंदनने दार लावलं, दिवे घालवले. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर निळाशार समुद्र उसळला. रिया म्हणाली, "वॉव!"

"दिवा लाव," बुधाजी म्हणाला.

"काका, दिवा लावला की चित्र जाणार."

"जाऊ दे. किती जातं ते बगायचं हाय."

"अंकल, होम थिएटर म्हणजे बेसिकली डार्क रूम..."

"डार्क रूम तुज्या घरी कर!" बुधाजी उठला, भिंत चाचपडली आणि हाताला लागली ती तिन्ही बटणं खटाखट दाबली. ट्यूब लागली, पंखा लागला, आणि पडद्यावरच्या समुद्राची पेज झाली.

"हे बग! ही पेज बगायला कोन जागी ऱ्हाईल?"

आता कुठे मिथुनच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाबा, आईसाठी चाललंय का हे? ती तशीही झोपतेच. झोपू दे ना तिला. पिक्चरमधलं तिला काय कळणार आहे?"

बुधाजी ओरडला नाही. तेव्हा मिथुनला खरी भीती वाटली.

"ती तीनला उठायची म्हनून तू कालेजात असताना नवापर्यंत लोळायचास," बुधाजी सावकाश म्हणाला. "तिला काय कळतं? पाटीतलं पापलेट लांबून बगून सांगते, आजचं हाय का कालचं. तुला कळतं?"

मिथुन बुटाच्या नाड्या बघत बसला. शेवटी रियाच कुंदनला म्हणाली, "उजेडात दिसेल असा नाहीच का एखादा?"

"आहे, पण तो ऑफिसवाले नेतात." कुंदनने नाराजीनेच मागचा राखाडी पडदा पुढे ओढला. "हा वरचा उजेड खातो. पण बेसिकली मधोमध बसणाऱ्यालाच नीट दिसतं. बाजूला बसलात की अंधूक."

त्याचं बोलून होईपर्यंत बुधाजी पडद्याला भिडला होता. जाळं विकत घेताना ताणून बघतात, तसे त्याने दोन्ही अंगठे कापडात रोवले आणि कचकन ओढलं.

"हात नाही! काका, हात नाही लावायचा! ठसा राहतो!" कुंदनचा आवाज चिरकला. बेसिकली म्हणायचंसुद्धा विसरला बिचारा.

"ताणल्याबिगर कापड घेतात काय? उद्या लोंबला तर तू येशील वर खेचायला?"

"हे जाळं नाहीये हो!"

"ते मला कळतं! जाळ्याला तुज्यापेक्षा कमी नखरे असतात!"

पडद्याच्या कोपऱ्यात दोन वाटोळे खळगे उमटले होते. कुंदन त्यांच्यावर ओल्या फडक्याने अलगद हात फिरवत, रडवेल्या सुरात म्हणाला, "हा पीस आता घेणार कोण?"

"आमीच. आदी दिवा चालू ठेवून दाखव."

दाखवला. ट्यूब डोक्यावर जळत होती, तरी समुद्र जरा मळकट का होईना, समुद्रच राहिला. बुधाजी डावीकडे गेला, उजवीकडे गेला, परत मध्ये आला. "चांगली जागा एकच हाय," तो म्हणाला.

"तेच तर सांगतोय मघापासून!"

"आमाला एकच पायजे."

"आणि बाकीच्यांनी काय करायचं, बाबा?" रियाने विचारलं. तिच्या मैत्रिणी यायच्या होत्या.

"बाकीच्यांनी पुष्कळ पिक्चर बगितलेत."

पडदा सोमवारी लागला. सोमवारचं मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून गंगाबाई लवकर घरी आली. मिथुनने तिला ओट्यापासून हाताला धरून आणलं आणि सोफ्याच्या मधोमध बसवलं. ट्यूब चालूच. पिक्चर दोन भावांचा होता. धाकटा थोरल्याच्या बायकोला फसवून घर लाटतो असा काहीतरी.

"अगं बाय, सही नको करूस!" गंगाबाई पडद्यावरच्या बाईला ओरडली. "केली! मेलीनं केली!"

बुधाजी सोफ्याच्या कडेला बसला होता. तिथून त्याला नुसत्या करड्या सावल्या हलताना दिसत होत्या. तो गंगाबाईच्या डोळ्यांवर पहारा देत होता. मध्येच तिच्या पापण्या मिटल्या आणि हा खेकसला, "गंगे!"

"जागी हाय! डोळे पुसते. वराडताव कशाला?"

अडीच तासांनी पडद्यावर नावं चढू लागली. गंगाबाई संतापाने लाल झाली होती. "माफ केलं? एवढं करून त्याला माफ केलं? मी असते तर कोयत्यानं सोलला असता!" ती नवऱ्याकडे वळली. "तुमी सांगा, बरोबर केलं का तिनं?"

बुधाजीने काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं.

"मला काय इचारतेस?" तो भडकला. "मला हितून काय दिसतंय?"

"मंग आदी नाय सांगायचं?" गंगाबाई त्याच्याहून मोठ्याने ओरडली. तिने सोफ्यावर मांडी घातली आणि बाजूला सरकली. "या हिकडं. मिथुन, लाव रं परत, पयल्यापासनं."