उड्या मारणारा माउस आणि माझं तांत्रिक ज्ञान

आमच्या घरात कॉम्प्युटर कळणारा एकच माणूस आहे आणि तो मी, ही समजूत डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं सुखाने नांदली. ती मीच पसरवली होती, त्यामुळे तिच्यावर कोणी शंका घेतली नव्हती.

बायको लग्नाआधी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. मुलगी झाली आणि ते सुटलं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा खोपट भागातल्या एका छोट्या ऑफिसने बायकोला कळवलं: घरून तीन नकाशे काढून पाठवा, शनिवारी दुपारी बाराच्या आत. जमले तर काम तुमचं. तिने कपाटातून जुनी चौकटीची वही काढून टेबलावर ठेवली.

मीही माझा वाटा उचलला. नवा माउस आणला आणि नव्या वस्तूला मी जे करतो तेच केलं. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट उघडा फिरत नाही. एसीचा रिमोट, वायफायचा डबा, कॅल्क्युलेटर, सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. माउसला मी कोथिंबिरीची एक पातळ पिशवी घातली आणि वायरपाशी सेलोटेप लावली. इतकं सुबक काम मी ऑफिसात कधी केलेलं नाही.

"हे कशाला?" बायकोने विचारलं.

"धूळ बसत नाही."

गुरुवारी सकाळी तिने पहिली भिंत ओढायला घेतली आणि माउसने उडी मारली. स्वयंपाकघराची भिंत शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये गेली.

"अहो, हा उडतोय बघा."

मी चष्मा लावून माउस हलवला. पडद्यावरचा बाण एका कोपऱ्यातून थेट दुसऱ्या कोपऱ्यात गेला, मध्ये कुठे टेकला नाही.

"ड्रायव्हर," मी म्हणालो.

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि माउस यांच्यात बोलणी करून देणारा छोटा प्रोग्राम, हे मला नंतर कळलं. तो शब्द उच्चारला की समोरचा गप्प बसतो, एवढंच तेव्हा माहीत होतं.

शोधल्यावर एक साइट सापडली. तिच्यावर भलंमोठं हिरवं बटण होतं आणि खाली लिहिलं होतं की माझ्या कॉम्प्युटरमधले सतरा ड्रायव्हर जुने झाले आहेत, एका क्लिकमध्ये सगळे नवे होतील. माझ्या तब्येतीची एवढी काळजी आमच्या डॉक्टरांनीही कधी केलेली नाही. मी बटण दाबलं. अर्ध्या तासाने कॉम्प्युटरचा आवाज गेला, अक्षरं बेसनाच्या लाडवाएवढी झाली आणि कोपऱ्यात माझं अभिनंदन करणारी चौकट आली. माउस उडतच होता.

"झालं का बरं?" आतून प्रश्न आला.

"प्रगती आहे."

ती बाहेर आली, पडदा पाहिला आणि म्हणाली, "तुम्ही चहा ठेवा."

मी चहा ठेवला. ती मोबाइलवर बराच वेळ वाचत बसली. मग तिने कॉम्प्युटर आदल्या दिवशीच्या अवस्थेत परत नेला. तशी सोय असते म्हणे. आवाज आला, लाडवांची पुन्हा अक्षरं झाली. मग लॅपटॉप उलटा करून खालच्या लेबलवरचा मॉडेल नंबर वहीत उतरवला आणि थेट बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवर गेली. काही बिघडलं तर परतता यावं म्हणून आधी आहे ती स्थिती साठवून ठेवली. मग एक ड्रायव्हर घातला, मशीन बंद करून चालू केलं, तपासलं, वहीत टिक केली. मग दुसरा.

"सगळे एकदम का नाही?" मी विचारलं.

"एकेक घातला की बिघाड कोणामुळे झाला ते कळतं."

हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, याची मी नोंद घेतली.

तिचं सगळं बरोबर होतं, तरी माउस उडत राहिला. मग ती लॅपटॉपच्या टचपॅडवर बोटाने रेघा ओढत बसली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दीड नकाशा झाला होता आणि तिच्या मनगटाला बाम लागला होता.

"उद्या कळवते त्यांना," ती म्हणाली. "नाही जमणार म्हणून."

तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. टोमण्यांची मला सवय आहे.

शनिवारी सकाळी आई सोफ्यावर बसून टीव्ही लावत होती. तिने रिमोट पिशवीतून काढला, चॅनल लावलं आणि रिमोट पुन्हा पिशवीत घातला.

"आई, दर वेळी बाहेर कशाला काढतेस?"

"अरे, पिशवीतून मला दिसत नाही काही. तुझी हौस म्हणून परत घालते."

मी टेबलापाशी गेलो. माउस उलटा केला. त्याच्या पोटाखालचा लाल दिवा पिशवीच्या सुरकुत्यांत सगळीकडे फाकला होता. बिचाऱ्यालाही दिसत नव्हतं काही.

बायको न्हाणीघरात होती. मी पिशवी काढून खिशात कोंबली. ती आल्यावर म्हणालो, "बघ जरा. नव्या ड्रायव्हरला बसायला कधीकधी दोन दिवस लागतात."

तिने माझ्याकडे पाहिलं, माउसकडे पाहिलं आणि भिंत ओढली. सरळ आली. मग ती नाश्त्यालाही उठली नाही. मीच पोहे केले, ते तिने डाव्या हाताने खाल्ले. बाराला दहा मिनिटं असताना तिन्ही नकाशे गेले. सोमवारी खोपटहून फोन आला. काम तिचं झालं.

पुढच्या आठवड्यात प्रिंटर अडला. मॉडेल नंबर घेऊन पुढे ती काय करते ते पाहावं म्हणून मी तिची वही उघडली. माउसच्या दुरुस्तीच्या सहा पायऱ्यांसमोर टिक केलेली होती. सातवी तिच्या नकाशातल्या सुबक अक्षरांत होती: "शनिवार सकाळ. ह्यांनी पिशवी काढली. माउस ठीक."

पिशवी तर माझ्या पँटच्या खिशात राहिली होती आणि पँट धुऊन कपाटात आली होती. खिसा रिकामा होता. मी फ्रीज उघडून पाहिला. कोथिंबीर त्याच पिशवीत होती, सेलोटेपसकट.