बदकाला आधी पाणी: अल ऐनची एक शिकार, मुलांसकट

जायचं ठरलं ते उस्मानभाईंनी आमच्या घरी सुरमईच्या सालनावर ताव मारता मारता जाहीर केलं. "पोरं डब्याच्या दुधावर वाढतायत," ते म्हणाले. "अब्र्याच्या होडीत बसून खाडी ओलांडली की त्यांना वाटतं झाला प्रवास. इनको शिकार दिखानी चाहिए. अल ऐनला बदकं उतरलीत. गुरुवारी पहाटे निघू, जुम्म्याला परत. खलास!"

"वाळवंटात बदकं?" मी विचारलं.

"थंडीत येतात, जुबेदा. पाणी असेल तिथे येतात."

ही साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आम्ही बर दुबईत दोन खोल्यांत राहत होतो आणि अमिरात नावाचा देश अजून व्हायचा होता. आमचे हे एका व्यापारी पेढीत कारकून. उस्मानभाई यांचे थोरले चुलतभाऊ, कापडाचे दुकानदार, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीचे सल्लागार. त्यांना दोन मुलगे, रफीक आणि शफीक, आठ-नऊ वर्षांचे. आम्हाला एकच, शबाना, सहा वर्षांची. इंग्रजी शिकवणीला जायला लागल्यापासून ती आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायची.

माझा विरोध होता. सहा वर्षांच्या पोरीने जीव जाताना का बघायचा? पण शबानाच्या अब्बांना एकदम आपल्या आजोबांची आठवण झाली. आजोबांनी म्हणे जयगडच्या खाडीत एका बारात तीन पक्षी पाडले होते. "धीट होईल ती," हे म्हणाले. झुरळ निघालं की मला हाक मारणारा हा माणूस! मी सांगून टाकलं, पोरगी जाणार असेल तर आईही जाणार. उस्मानभाईंच्या बायकोला, म्हणजे भाभीला, विचारलं तर ती म्हणाली, "जा बाई. पोरीला जुने कपडे घाल आणि पायात बूट दे." शिकारीत बूट कशाला, हे मी विचारायला हवं होतं.

आता या रस्त्याने जाणाऱ्यांनी माझं वर्णन वाचून घाबरू नये. आज गुळगुळीत हमरस्त्याने दीडेक तासात पोचता आणि वाटेत कॉफीही मिळते. तेव्हा रस्ता म्हणजे आधीच्या गाडीच्या चाकांच्या खुणा. वारा सुटला की रस्ता पुसला. जीपच्या चाकांतली हवा कमी करायची, वाळूत रुतली की फळ्या घालायच्या, बाहेर काढली की पुन्हा बसायचं. पेट्रोल आणि पाणी घरूनच न्यायचं. खर्चाचं विचाराल तर त्या काळी दुबईत रुपयेच चालायचे, त्यामुळे आज दिरहमचे रुपये करताना पोटात येतो तसा गोळा येत नसे.

मी घावने, सुका खिमा आणि उकडलेली अंडी घेतली होती. उस्मानभाईंनी बंदुका, चीजचा डबा आणि अननसाचा डबा घेतला होता. रुतलेली गाडी तीनदा काढून, दुपार कलल्यावर आम्ही लाल वाळूच्या टेकड्यांपाशी आलो. इतका सुंदर लाल रंग मी कोकणच्या मातीतही पाहिलेला नाही. मी तसं म्हटलं, तेव्हा हे जीपखाली आडवे होऊन वाळू उपसत होते. त्यांना तो रंग फार जवळून दिसत होता.

अल ऐनला उस्मानभाईंचे जुने गिऱ्हाईक अबू सालेम यांची खजुराची बाग होती. तिथेच मुक्काम. डोंगराखालून जमिनीच्या पोटातून पाणी आणणारे पाट बागेतून वाहत होते, आणि दिवसभर वाळू खाल्ल्यावर त्या पाण्याचा नुसता आवाज ऐकूनच मला रडू आलं. अबू सालेम दाढी पिकलेले, हसरे गृहस्थ. आम्ही कशासाठी आलोय हे कळल्यावर त्यांनी उस्मानभाईंना दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग अरबीत काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, हबीबी, बदक खायचं होतं तर निरोप पाठवायचा. माझ्याकडे कोंबड्या आहेत."

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज आटोपून आम्ही बागेच्या टोकाला गेलो. पाटाचं जास्तीचं पाणी तिथे साचून डबकं झालं होतं, आणि पलीकडे हिरव्या चाऱ्याचं शेत. थंडी अशी की दात वाजत होते. उस्मानभाईंनी जीपला खजुराच्या झावळ्या बांधून तिचं झाड केलं. एवढ्या वाळवंटात पेट्रोलचा वास येणारं ते एकच झाड असेल. आम्ही सगळे त्यामागे बसलो. डबक्यात बदकं होती, खरोखरच होती, मोजकी, तपकिरी, आपल्या नादात.

मग उस्मानभाईंनी मुलांना पुढे ओळीत बसवलं आणि सूचना दिल्या. एक शिटी म्हणजे डावीकडे धावायचं. दोन म्हणजे उजवीकडे. पक्ष्याचे पंख धरायचे, मान धरायची नाही, आणि जिवंत आणायचा.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. छर्रे लागून मेलेला पक्षी आपल्याला चालत नाही. तो जिवंत हाती लागला पाहिजे आणि बिस्मिल्ला म्हणून हलाल केला पाहिजे. म्हणजे कुणीतरी धावायला हवं, आणि लवकर.

"उस्मानभाई," मी म्हटलं, "या कामाला साहेब लोक कुत्रे ठेवतात ना?"

"ठेवतात."

"आणि शिकारी कुत्र्याला आपल्यातही परवानगी आहे. मौलवीसाहेबांनी सांगितलंय."

"मौलवीसाहेबांची आहे," उस्मानभाई खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या भाभीची नाही. कुत्र्याची लाळ भांड्याला लागली तर सात वेळा कोण धुणार?"

"म्हणून पोरं?"

"पोरं चपळ असतात. शिवाय सांगितलेलं कळतं."

"आंटी," शफीक मान वळवून अभिमानाने म्हणाला, "आय अॅम फास्टर दॅन अ डॉग."

तर हे होतं मुलांना शिकार दाखवणं. मी शबानाच्या अब्बांकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. पण आजोबांचं नाव घेऊन आलेला माणूस आता माघार कशी घेणार? मी उस्मानभाईंना स्पष्ट बजावलं, दोन्ही बंदुका जमिनीवर ठेवल्याशिवाय एकही पोर उठणार नाही. त्यांनी कटकट केली, पण ऐकलं.

बार झाले. दोन्ही एकदम. आमच्या ह्यांनी डोळे घट्ट मिटले होते, मी शेजारी बसून पाहिलं. सगळी बदकं उडाली आणि एक फडफडत चाऱ्याच्या शेतात पडलं. बंदुका खाली ठेवल्या गेल्या. उस्मानभाईंनी शिटी वाजवायला तोंड उघडलं, पण थंडीने ओठ इतके आखडले होते की नुसती हवा निघाली. रफीक डावीकडे धावला, शफीक उजवीकडे, आणि दोघे वळून चिखलात एकमेकांवर आदळले. शबाना, जिला शिट्यांचं काहीच कळलं नव्हतं, ती सरळ गेली.

आम्ही पोचलो तर ती चाऱ्यात फतकल मारून बसली होती आणि बदक तिच्या स्वेटरमध्ये होतं. डोकं तेवढं बाहेर. उस्मानभाईंनी चाकू काढला.

"वॉटर फर्स्ट," शबाना म्हणाली.

मी हसू दाबलं. मागच्या बकरी ईदला आम्ही गावी गेलो होतो, तेव्हा माझ्या सासूबाईंनी तिला बकऱ्याजवळ बसवून सगळे कायदे शिकवले होते. जनावराला आधी पाणी पाजायचं. सुरी त्याला दिसू द्यायची नाही. सुरी धारदार हवी, आणि धार त्याच्यासमोर लावायची नाही. दुसऱ्या जनावरासमोर कापायचं नाही. सहा वर्षांच्या मुलीला गुणाकार विसरता येतो, हे नाही.

उस्मानभाई पाच वेळचे नमाजी. ते नाही कसं म्हणणार? ओंजळीने पाणी आणलं. बदक प्यायलं. आणखी प्यायलं.

"नाइफ," शबाना म्हणाली. "इट कॅन सी."

उस्मानभाईंनी चाकू पाठीमागे लपवला.

"इज इट शार्प?"

त्याच चाकूने सकाळी चीजचा डबा उघडला होता. उस्मानभाईंनी अंगठ्याने धार पाहिली आणि मुकाट्याने जीपमागे दगडावर घासायला गेले. परत आले तर अबू सालेम यांचं गाढव कुंपणावरून मान काढून बघत होतं. शबानाने फक्त बोट दाखवलं. दोन मोठी माणसं त्या गाढवाचं तोंड फिरवायला गेली. गाढवाला ते पटलं नाही. हे त्याचा कान धरून विनवण्या करत होते, उस्मानभाई मागून ढकलत होते, चाकू दातांत धरलेला, आणि रफीक-शफीक चिखलाने माखून पोट धरून हसत होते. गाढव एका बाजूला वळलं की डोकं दुसऱ्या बाजूने काढायचं.

दम लागून दोघे परत आले आणि नवा वाद सुरू झाला, की बार कुणाचा लागला? ज्याचा लागला त्याने हलाल करायचं.

"माझा," उस्मानभाई म्हणाले. "मी उजवीकडचं धरलं होतं."

"मी पण उजवीकडचंच धरलं होतं," हे म्हणाले. मिटल्या डोळ्यांनी!

गोंधळ ऐकून अबू सालेम आले. सगळं पाहिलं. बदकाला एव्हाना जरा हुशारी आली होती आणि ते शबानाच्या वेणीची रिबन ओढत होतं. अबू सालेम हसले नाहीत. त्यांनी एकच वाक्य उच्चारलं आणि त्यात एक शब्द होता, दखील.

उस्मानभाईंनी चाकू बंद केला. "ते म्हणतात, जो आसऱ्याला आला तो दखील. या पोरीच्या मांडीवर बसलंय आणि त्यांच्या बागेतलं पाणी प्यायलंय. आता इथे त्याला कुणी हात लावायचा नाही."

मग कोंबडीच झाली. अल ऐनला जाल तर भातावर शिजवलेली, सुक्या लिंबाचा वास असलेली अशी कोंबडी जरूर खा. मला तर तिची चव दुप्पट लागली, कारण मला माझ्या लेकीचा मनापासून अभिमान वाटत होता. आम्हा तिघा मोठ्यांना जे जमलं नाही ते तिने पाणी मागून केलं होतं.

उन्हं चढायच्या आत आम्ही परत निघालो. बदक शबानाच्या मांडीवर. पुढच्या सीटवर दोघा भावांचा वाद अजून चालूच. उस्मानभाई छर्रा कुठल्या कोनातून गेला ते स्टिअरिंग सोडून हातांनी दाखवत होते. हे आता तर म्हणायला लागले होते की आजोबाही असेच, न बघता मारायचे.

लाल टेकड्या मागे पडल्या आणि माझ्या लक्षात आलं की शबानाने स्वेटर दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलाय. मी स्वेटर जरा बाजूला केला. आतून लोकर ओली झाली होती, लाल. बदकाची मान तिच्या कोपरावरून लोंबत होती. तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

"गेलं," मी म्हटलं.

गाडी थांबली. कुणीच उतरलं नाही. मग रफीक म्हणाला, "आता खाताही येणार नाही," आणि शफीकने त्याला कोपर मारलं. पुन्हा गाडी सुरू झाली तेव्हा उस्मानभाई घसा खाकरून म्हणाले, "इब्राहिम, खरं सांगू? मला वाटतं बार तुझाच होता."

"नाही, नाही," हे घाईने म्हणाले, "तुमचा नेम कुठे, माझा कुठे! मी तर डोळे मिटले होते."

"माझी बंदूक जरा वर गेली होती," उस्मानभाई म्हणाले.

दिवसभर ज्या बदकावर दोघांनी हक्क सांगितला ते आता कुणाचंच नव्हतं. वाळूत रुतलो, ढकललं, पुन्हा निघालो, आणि दोघे एकमेकांच्या नेमबाजीची तारीफ करत राहिले. मी ऐकत होते आणि मला चीड येत होती, स्वतःचीही. कारण मलाही एक हिशेब टोचत होता. चाकू सकाळीच चालला असता तर त्या जिवाचं एका क्षणात झालं असतं. आम्ही कौतुक करत बसलो आणि ते वाटभर धक्के खात मेलं. पण हे मी पोरीला कसं सांगणार होते?

सांगावं लागलं नाही. घरी पोचलो, उस्मानभाई आपल्या मुलांना घेऊन निघून गेले. शबाना उंबऱ्यात उभी राहिली, आत येईना.

"अब्बा," ती म्हणाली, "यू डिड नॉट डू इट. अंकल डिड नॉट डू इट." मग म्हणाली, "सो इट वॉज मी. बिकॉज आय सेड वॉटर."

गल्लीत कुणाच्या तरी घरात रेडिओ चालला होता. हे पायातले वाळूने भरलेले बूट काढत होते, ते तसेच थांबले. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी आजोबांचं सांगणार. पण ते उठले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"नाही बाळा. मी मारलं. माझाच बार होता."

"शुअर?"

"हो. मीच."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी बदक पुढे केलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "मग तुम्ही धरा."

त्यांनी धरलं. मेलेलं झुरळही चिमट्याने उचलणारा माणूस तो.

इतक्या वर्षांनी नातीने हा ब्लॉग उघडून दिल्यावर मला लोक विचारतात, लहान मुलांना शिकारीला न्यावं का? मी म्हणते, नेऊ नये. धीटपणा शिकवायचा म्हणून तर मुळीच नको. उस्मानभाई पुढच्या जुम्म्याला पुन्हा गेले, दोन्ही मुलांना घेऊन, आणि त्यांचं काही वाईट झालं असंही मी म्हणू शकत नाही. बार खरंच कुणाचा होता, हे मला आजही माहीत नाही. आमच्या ह्यांना तेव्हा माहीत नव्हतं, एवढं नक्की. त्या संध्याकाळी मी पुढे होऊन म्हटलं होतं, द्या इकडे, मी पुरते. ते नको म्हणाले. घरात फावडं नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातला कालथा घेऊन, त्याच वाळूने भरलेल्या पँटमध्ये, एका हाताने बदक छातीशी धरून त्यांनी घरामागच्या वाळूत खड्डा खणला. वाळू पुन्हा पुन्हा आत घसरत होती आणि ते पुन्हा पुन्हा काढत होते. शबाना शेजारी उकिडवी बसून सांगत होती, "अजून खोल, अब्बा."