एक वाजताचा हिरवा ठिपका

वैशाखरेजवळच्या आमच्या कुडाच्या घरात कुठल्या वेळी कुठं बसायचं, हे आई ठरवायची. कारवीच्या काठ्या आणि वरून शेणमाती, अशी ती भिंत. सकाळी चुलीपाशी जाण्याआधी आई भिंतीला तळहात लावायची आणि फर्मान काढायची, "आज मधल्या घरात नाय बसायचं, वटीवर बसा." उन्हाळ्यात बांबूने एखादं कौल सरकवायची, की कोंडलेली ऊब वर निघून जायची. अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव असायचा. त्या घरात मला कधी उकडल्याचं आठवत नाही. आठवणीत कुणालाच उकडत नाही, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे.

ते घर मीच पाडायला लावलं. वडील गेल्यावर आई एकटी, दरवर्षी कुड कोण लिंपणार, म्हणून हट्टाने स्लॅबचं बांधून घेतलं. दुसऱ्याच वैशाखात तो स्लॅब तव्यासारखा तापला आणि आई चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बारा ते चार यांना गारव्यात ठेवा. पुन्हा असं झालं तर निभणार नाही."

माझं पोट गारव्यावरच चालतं. शहापूरहून रोज ठाण्याला जाते, एका मोठ्या इमारतीच्या कंट्रोल रूममध्ये बसते. तिथं खोलीखोलीच्या छताला सेन्सर आहेत. माणूस आत आला की दिवा, एसी चालू. उठून गेला की बंद. समोरच्या पडद्यावर भरल्या खोलीचा ठिपका हिरवा, रिकामीचा करडा. मी तेच माहेरी नेलं. मागच्या खोलीत छोटा एसी, छताला सेन्सर, आणि माझ्या फोनवर एकच ठिपका.

आईचा जीव त्या ठिपक्यात आहे असं मला वाटायचं. बारा वाजले की हिरवा, चारपर्यंत हिरवा. आई कधी नव्हे ते माझं ऐकतेय, म्हणून मी कामावर सगळ्यांना फोन दाखवून शेखी मिरवली.

मग एका शनिवारी न सांगता गेले. भर दुपार. आई अंगणातल्या मांडवाखाली वाल निवडत बसलेली. आणि मागच्या खोलीत, एसीच्या थंडगार हवेत, शेळीची दोन करडं उड्या मारत होती.

राग माझ्या नाकावर असतोच. मी तिथंच ओरडले, "आई, डॉक्टर काय म्हणाले? हे करडांसाठी बसवलं का मी?"

"उन्हानं मान टाकत व्हती गो," आई शांतपणे म्हणाली. "मला त्या खोलीत कोंडल्यागत व्हतं. मांडवात वारा हाय. हात लावून बघितलं मी."

मी फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला. "हे बघ. कुणी आत असलं की हे हिरवं होतं. मी रोज बघते. मला वाटलं तू आहेस."

आईने वाल बाजूला ठेवले. तो ठिपका बराच वेळ बघितला.

"म्हंजे मी आत गेले का तुला तकडं कळतं?"

"कळतं."

"आन तुला काम सोडून बोलाया नाय लागत?"

"नाही."

"तुझा जेवायचा टाइम कंचा?"

"एक," मी म्हणाले, आणि करडं बाहेर काढायला गेले.

त्यानंतर रोज एकच्या ठोक्याला ठिपका हिरवा व्हायचा. दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा करडा. मी फोन करून रागवायची, दहा मिनिटांनी काय होणार, चार तास बस. ती "बरं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. पण मांडवात ती ठीक होती. तो उन्हाळा गेला, चक्कर आली नाही.

श्रावणात भात पोटरीला आलं, हवा गार झाली, तरी एकला ठिपका हिरवाच. माहेरी गेले तेव्हा विचारलं, "आई, पावसात एसी कशाला लावतेस?"

"एसीचा खटका बंदच हाय. मी नुसती बसते." ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "फोन केला का तू म्हणतेस, कामात हाय, मंग करते. जेवताना तरी एकटी नको, म्हणून ताट घेऊन आत जाते. तू बघतेस ना?"

"बघते," मी म्हणाले. त्या आठवड्यात मी एकदाही बघितलं नव्हतं.

त्यानंतर मात्र डबा उघडण्याआधी फोन समोर ठेवायला लागले. ठिपका हिरवा झाला की पहिला घास. आम्ही दोघी दीड वर्ष अशा जेवलो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली जेवणं.

गेल्या थंडीत आई गेली, झोपेतच. उन्हाने नाही, एवढं मी स्वतःला सांगत असते. सेन्सर काढायला म्हणून परवा घरी गेले, तर मागच्या खोलीत बरोबर सेन्सरच्या खाली पाट मांडलेला दिसला. मी त्यावर बसले, डबा उघडला. एक वाजला होता. माझ्या हातातल्या फोनवर ठिपका हिरवा झाला, आणि मी पहिला घास घेतला.

सेन्सर मी काढला नाही.