शिट्टीबाईंची बॅटरीवरची झोप

शिट्टीबाईंचं खरं नाव तलावाच्या कार्यालयात कुठेतरी लिहिलेलं असेल तेवढंच. तिथं पोहायला शिकलेल्या पोरांच्या दोन पिढ्यांनी त्यांना शिट्टीबाई म्हणूनच ओळखलं. गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी, पायात रबरी चपला, अंगात बारा महिने तोच निळा ट्रॅकसूट, आणि आवाज असा की खोल भागात बुडी मारलेल्या पोरानंही दचकून वर यावं. त्या स्वतः पोहायला शिकल्या सव्विसाव्या वर्षी, तेही चिडून. कुणीतरी म्हणालं होतं, या वयात बायकांना पाणी धार्जिणं नसतं. त्या तिरीमिरीत त्या पोहायला शिकल्या, मग शिकवण्याची परीक्षा दिली आणि नगरपालिकेच्या तलावावर नोकरीलाच लागल्या.

नव्या पोरांवर त्यांचा पहिला राग निघायचा तो गॉगलच्या पट्ट्यावरून. पाणी आत शिरू नये म्हणून पोरं पट्टा करकचून आवळत, रबराची कड वाकडी होई आणि पाणी जास्तच शिरे. "चेहऱ्याला फाशी द्यायचीय का? सैल करा!" ही आरोळी तलावाबाहेरच्या रस्त्यावरही ऐकू जाई.

त्यांचे यजमान गाद्यांच्या दुकानात विक्रेते. पोरं त्यांना गादीकाका म्हणत. दिवसभर लोकांना झोप विकायची आणि रात्री स्वतः टक्क जागं राहायचं, असा त्यांचा संसार चाललेला, कारण शिट्टीबाई घोरत. साधंसुधं नाही. भिंतीपलीकडचे शेजारी सकाळी "काल बरं वाटत नव्हतं का?" म्हणून विचारत. गादीकाकांना घोरण्याचं काही वाटत नसे. ते मध्येच थांबायचं, एकदम शांत व्हायचं, तेव्हा त्यांचा जीव टांगणीला लागायचा. मग बाई बुडता बुडता वर आल्यासारखा श्वास ओढत, आणि काका पुन्हा उशीवर डोकं टेकवत.

"अगं, तुझा श्वास थांबतो."

"थांबला असता तर सकाळी उठून तुमचा डबा कुणी भरला असता?"

हा वाद बरीच वर्षं चालला. मग एका दुपारी, पाण्यात पोरं असताना, तलावाकाठच्या उंच खुर्चीवर बाईंचा डोळा लागला. क्षणभरच. पण त्यांची त्यांनाच अशी धडकी भरली की त्या खुर्चीवरून उतरून थेट कार्यालयात गेल्या आणि म्हणाल्या, "माझ्या जागी दुसरं कुणी बसवा. मी डॉक्टरकडे चाललेय."

तपासणीत निघालं की झोपेत त्यांचा घसा मिटतो आणि श्वास अडतो. उपाय म्हणून सीपॅप आलं. हे एक लहानसं यंत्र, ते नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये हवा ढकलत राहतं आणि त्या हवेच्या जोरावर घसा उघडा राहतो. पहिले आठ दिवस बाईंनी त्याला शिव्या दिल्या. नवव्या दिवशी त्या सकाळी उठल्या आणि इतकी वर्षं आपण नुसत्याच आडव्या होत होतो, झोपत नव्हतो, हे त्यांना कळलं. चेहऱ्यावरची सूज उतरली, डोकं दुखणं थांबलं, त्या खुर्चीवर परत बसल्या. स्वभाव तेवढा होता तसाच राहिला.

अडचण एकच राहिली, घराबाहेर झोपायची. आणि घराबाहेर झोपल्याशिवाय त्यांच्या आवडीची एक गोष्ट होत नव्हती.

दरवर्षी दुसऱ्या गावी पंचावन्न वर्षांवरच्या बायकांची पोहण्याची रिले असे. चौघींचा एक संघ. शिट्टीबाईंच्या संघात एक पोस्टातून निवृत्त झालेली, एक दातांची डॉक्टर, आणि चौथ्या कॅप्टन. कॅप्टनबाईंची लॉन्ड्री होती. त्यांच्या साडीला कधी चुणी पडत नसे आणि त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. शेवटची फेरी शिट्टीबाईंची, कारण मागे पडलेला संघ त्या ओढून काढत.

राहायची सोय एका शाळेच्या वर्गात. गेल्या वर्षी बाईंनी घरचं यंत्र टॉवेलात गुंडाळून सूटकेसमधून नेलं होतं. पण शाळेचा पहारेकरी दहा वाजले की मेन स्विच बंद करून घरी जायचा. यंत्र बंद पडलं, आणि पुढं व्हायचं ते झालं. सकाळी चौघींचेही डोळे तांबारलेले. आधीच्या भिडूचा हात भिंतीला टेकायच्या आतच कॅप्टनबाई पाण्यात पडल्या आणि संघ बाद झाला. येताना बसमध्ये चौघी चार कोपऱ्यांत बसल्या.

यंदा कॅप्टनबाई तलावावर येऊन सरळच बोलल्या.

"हे बघ, तू पोहतेस झकास. पण रिले दिवसा असते आणि तू आम्हाला रात्री हरवतेस."

"मी काय मुद्दाम करते?"

"मुद्दाम करत असतीस तर सांगून थांबवलं तरी असतं. लाइट गेल्यावरही तुझं ते नाकाडं चालेल अशी काही सोय कर. नावं द्यायला दोन आठवडे आहेत. नाही झालं तर मी माझ्या नणंदेचं नाव देणार."

"तुझी नणंद? ती पाण्यात उतरायच्या आधी पाय बुडवून पाणी गार आहे म्हणून परत जाते!"

"पण घोरत नाही," कॅप्टनबाई म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

त्या दिवशी शिट्टीबाईंनी तीन वर्गांतल्या पोरांना विनाकारण जास्तीच्या फेऱ्या मारायला लावल्या. घरी आल्यावर त्यांनी भाजी चिरायला घेतली ती इतकी बारीक की गादीकाका म्हणाले, "कुणाचा राग आहे एवढा?"

बाईंनी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग प्रवासातलं छोटं यंत्र घेऊ. बॅटरीवर चालतात हल्ली."

"आणि ते नीट नाही चाललं तर?"

"घेण्याआधी झोपून बघायचं. गादी कुणी उभ्यानं घेतं का?"

वैद्यकीय सामानाच्या दुकानातला विक्रेता तरुण आणि बोलका होता. डॉक्टरांचा कागद पाहून त्यानं काउंटरवर तीन यंत्रं ओळीनं मांडली आणि माहितीपत्रक उघडलं. गादीकाकांनी ते मिटवलं.

"आडवं व्हायला जागा कुठं आहे?"

"आडवं? काका, यात सगळं दिलंय. आवाज, वजन, बॅटरी..."

"मी तीस वर्षं गाद्या विकतोय. आमच्याही पत्रकात सगळं दिलेलं असतं. म्हणून तर मी गिऱ्हाइकाला पत्रक देत नाही, झोपवतो."

शेवटी मागच्या बाजूला, कुबड्या आणि चाकांच्या खुर्च्यांच्या मधल्या तपासणीच्या बाकावर शिट्टीबाई आडव्या झाल्या. पायात चपला तशाच. काका शेजारी स्टूल घेऊन बसले आणि डोळे मिटून ऐकू लागले.

पहिलं यंत्र कंपासपेटीएवढं. बाई हरखल्या. पण सुरू केल्यावर कुणीतरी शेजारच्या खोलीत केस वाळवतंय असा आवाज. "हे नको," काका डोळे न उघडता म्हणाले. "घोरण्याला निदान चढउतार असतो."

दुसरं अगदी शांत. त्याला हवा ओलसर ठेवायला पाण्याची टाकीही होती. पण टाकीतलं पाणी तापवण्यात बॅटरी खर्ची पडायची, म्हणून बॅटरी मोठी. काकांनी ती हातात घेऊन तोलली. "यंत्र बाळाएवढं आणि बॅटरी त्याच्या आजोबांएवढी. हे पाठीवर घेऊन बसमध्ये चढायचं, तर सोबत हमाल लागेल."

तिसरं या दोन्हींच्या मधलं. आवाज पंख्याच्या सगळ्यात कमी वेगाएवढा. पाणी नाही, त्याऐवजी नळीत एक छोटी चकती, ती आपल्याच श्वासातला ओलावा धरून ठेवते. बॅटरी सपाट आणि पूर्ण रात्र पुरणारी. फक्त मास्क वेगळा. बाईंचा घरचा मास्क अख्खं नाक झाकणारा होता, हा नाकपुड्यांखाली बसायचा.

"हे," बाई मास्कमधूनच म्हणाल्या.

"तीन दिवस घरी वापरून बघा," विक्रेता म्हणाला. मग काकांकडे बघत त्यानं पुस्ती जोडली, "झोपून."

पहिल्या रात्रीचा निकाल सकाळी बाईंच्या चेहऱ्यावर होता. मास्कमधून हवा सुटत होती. डोळ्यांकडे फुंकर, गालाकडे फुंकर, आणि कुशीवर वळलं की फुसफुस. बाईंनी पट्टा एक घर आवळला. फुसफुस वाढली. आणखी एक घर आवळला. दुसऱ्या सकाळी गालांवर लाल वळ आणि डोळे गेल्या वर्षीसारखे तांबारलेले.

"परत करून टाका," चहाचा कप आदळत त्या म्हणाल्या. "हे खेळणं आहे. मी तिला फोन करते, लिही म्हणावं तुझ्या नणंदेचं नाव."

"असं कसं?"

"असंच. माझं नाक त्या मास्कसाठी नाही आणि तो मास्क माझ्यासाठी नाही. सोडा आता." आवाज नेहमीसारखाच चढा होता, पण त्या फोनकडे न जाता खिडकीतून बाहेर बघत बसल्या. गादीकाकांना हे लक्षण चांगलं ठाऊक होतं. बाई रागावल्या की बोलत, आणि खरंच खचल्या की खिडकीत बसत.

त्यांनी बाईंच्या गालांवरच्या वळांकडे नीट पाहिलं. मग कपबशी बाजूला ठेवून, छाती फुगवून, घर दणाणेल अशा आवाजात ते ओरडले, "चेहऱ्याला फाशी द्यायचीय का? सैल करा!"

बाई दचकल्या. कपाळाला आठ्या पडल्या, मग त्यांचा हात आपोआप गालावर गेला.

"चाळिसाव्या वर्षी मला पोहायला शिकवलंस," काका म्हणाले. "अख्ख्या तलावासमोर याच वाक्यावरून माझी शोभा केली होतीस. मी विसरेन होय?"

"अहो, ते पाण्याचं."

"पाणी आत येऊ द्यायचं नाही, हवा बाहेर जाऊ द्यायची नाही. रबर तेच. त्याला फुगायला जागाच ठेवली नाहीस तर ते चेहऱ्याला धरणार कसं?"

बाईंना ते पटलं. लग्नानंतर असं फारच कमी वेळा झालं होतं. त्या उठून आत गेल्या, मास्क लावला, यंत्र सुरू केलं आणि पट्टा सैल केला, आणखी सैल केला. नाकाखालची मऊ रबरी उशी हवेनं फुगली आणि अलगद बसली. फुसफुस थांबली.

नेमक्या त्याच दुपारी कॅप्टनबाई निकाल ऐकायला आल्या.

"ऐकायचं काय त्यात, बघूनच जा," शिट्टीबाई म्हणाल्या. "ही खोली, ही खुर्ची. बस. आणि वायर भिंतीतून काढलीय हे आधी डोळ्यांनी बघून घे."

"आणि तू हुकमावर झोपणार?"

"दोन रात्रींच्या झोपेची बाकी आहे. बघच तू."

खरोखरच, पाठ टेकताच त्या गेल्या. जागं होऊन त्यांनी डोळे उघडले तेव्हा ऊन पलंगावरून उतरून जमिनीवर आलं होतं. अंग हलकं झालेलं. पण खोलीत घोरणं चालू होतं. ठणठणीत, लयीत, शेवटी शीळ घालणारं. त्यांनी मास्क चाचपला, तो जागेवर होता. मग त्यांनी मान वळवली.

खुर्चीत कॅप्टनबाई मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपल्या होत्या. दारात गादीकाका चहाचा ट्रे घेऊन उभे होते आणि हसू दाबण्याच्या नादात ट्रेवरच्या कपबशा किणकिणत होत्या. त्या आवाजानं कॅप्टनबाई ताठ झाल्या, आणि आधी पदर सारखा केला.

"मी डोळे मिटून ऐकत होते," त्या म्हणाल्या.

"काय ऐकू आलं?" शिट्टीबाईंनी विचारलं.

कॅप्टनबाईंनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं, शिट्टीबाईंकडे पाहिलं, आणि कप उचलला. "तुझं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तुझं नाव देते मी. आणि हे आत्ताचं बाकीच्या दोघींना कळलं, तर बघ."

शाळेच्या त्या वर्गात यंदाही दहाला मेन स्विच बंद झाला. सकाळी पोस्टवाली सगळ्यांच्या आधी उठली आणि म्हणाली, "रात्रभर हिचा आवाजच नाही! मला वाटलं, लाजेनं बाहेर जाऊन झोपली की काय." दातांच्या डॉक्टरनं कोपऱ्यात बोट दाखवलं. शिट्टीबाई मास्क लावून निवांत झोपल्या होत्या, त्यांना हलवून उठवावं लागलं.

रिलेत पहिल्या दोघींनी संघ टिकवून धरला. तिसऱ्या फेरीत कॅप्टनबाई अंगभर अंतरानं मागे पडल्या. शिट्टीबाईंनी त्यांचा हात भिंतीला टेकेपर्यंत वाट पाहिली आणि मग झेपावल्या. पहिल्या काही हातांतच त्यांना कळलं की आज छाती रिकामी नाही. गेली कित्येक वर्षं फेरीच्या दुसऱ्या निम्म्यात दंड जड होत, आज ते ओढून आणावे लागत नव्हते, आपणहून येत होते. शेजारच्या पट्ट्यातली निळी टोपी आधी खांद्यापाशी होती, मग कमरेपाशी, मग दिसेनाशी झाली. त्यांनी भिंत धरली आणि मान वर केली, तर कॅप्टनबाई काठावर चक्क नाचत होत्या, सगळ्या जगासमोर, ओल्या केसांनी.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या. पदक ट्रॅकसूटवर तसंच लटकलेलं. गाडी गावाबाहेर पडली तशी त्यांनी पिशवीतून यंत्र काढून मांडीवर ठेवलं, आणि भर दिवसा, भरल्या बसमध्ये, बिनदिक्कत मास्क लावला. शेजारची अनोळखी बाई घाबरून सरकली आणि मागे वळून हळूच म्हणाली, "अहो, या आजारी आहेत का?"

"आजारी?" मागच्या सीटवरून कॅप्टनबाईंचा आवाज आला, पुढच्या ड्रायव्हरलाही ऐकू जाईल असा. "त्या जिंकून आल्यात. झोपू द्या त्यांना."