दुसरा मजला, तिसरा मजला आणि अक्कांची दाढ

पत्रकार किस्से शोधत हिंडतो, असा लोकांचा समज आहे. तीस वर्षं कोर्ट, पोलीस ठाणी आणि महापालिका पायाखाली घातल्यावर सांगतो, हिंडून बातम्या मिळतात. किस्से मिळतात बाकावर बसून, आणि तेही जिथं आपला नंबर लवकर लागत नाही अशा ठिकाणी. बेंगळुरूच्या एका डेंटल कॉलेजच्या बाकावर मी जवळजवळ वर्षभर बसलो. दात माझा नव्हता, घरमालकीणबाईंचा होता.

घरमालकीणबाई म्हणजे सरोजाक्का. पंचाहत्तरीच्या, तीन पिढ्या बेंगळुरूत काढलेल्या मराठी घरातल्या. जे. पी. नगरला त्यांच्या घरात मी खाली भाड्यानं राहतो. रविवारी सकाळी त्या आयटीवाल्यांच्या पंधरा पोरांना मराठी शिकवतात, फुकट आणि कडक. खालच्या जबड्यात डावीकडं त्यांची एकच दाढ उरली आहे, आणि अर्ध्या कवळीची तार तिलाच अडकते.

दाढेशेजारच्या हिरडीतून पू यायला लागला, दाढ किंचित हलायला लागली, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं.

"कॉलेजात तुम्ही बरोबर यायचं. भांडायला माणूस लागतो," त्या म्हणाल्या. "पण दाढ काढायची नाही. ती गेली की कवळी बसत नाही, कवळी नसली की माझा 'स' निघत नाही. पंधरा पोरं सशाला फफा म्हणतील. चालेल तुम्हाला, पेपरवाले?"

चालणार नव्हतं.

*

भांडण काउंटरवरच सुरू झालं. केसपेपर काढणाऱ्या माणसानं विचारलं, दात की हिरडी? अक्का म्हणाल्या, दात हलतो आणि हिरडी वाहते. तो म्हणाला, सरी, म्हणजे बरं, पण दोन्हींपैकी काय? मी पुढं होऊन सांगितलं की हे ठरवायलाच आम्ही डॉक्टरकडं आलो आहोत. आमच्यामागं रांग वाढत होती. त्यानं अत्यंत शांतपणे स्क्रीन माझ्याकडं वळवली.

"सार, दोन्हीवर टिक केलं तर कॉम्प्युटर घेत नाही. आजार काय आहे ते तुम्ही दोघं बाजूला बसून स्वल्प ठरवा."

आम्ही बाजूला बसून ठरवलं. हिरडी!

*

त्या कॉलेजात रूट कॅनॉलचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आणि हिरड्यांचा तिसऱ्या. दुसऱ्यावर अदिती, नागपूरची. तिसऱ्यावर बसवराज, निपाणीकडचा, कन्नड आणि मराठी एकाच चालीत बोलणारा. दोघंही पीजीच्या शेवटच्या वर्षाला, दोघंही कष्टाळू, आणि दोघंही इतके नम्र की भांडायची सोय नाही.

बसवराजनं एक्स-रे उजेडात धरला. म्हणाला, मुळाच्या टोकाला काळी सावली दिसतेय, ही नसेची भानगड असणार, खाली दाखवून या. अदितीनं तोच एक्स-रे उजेडात धरला. म्हणाली, कडेचं हाड केवढं झिजलंय, हा हिरडीचा आजार आहे, वर जा. मधल्या काळात बसवराजनं दोनदा हिरडी मुळापर्यंत साफ केली. दोन्ही वेळा पू पंधरा दिवस रजेवर गेला आणि परत कामावर रुजू झाला.

लिफ्ट फक्त स्टाफसाठी होती. एकदा जिन्यात कठडा धरून दम खाताना अक्का म्हणाल्या, "माझ्या दाढेची अवस्था बघा. सासरचे म्हणतात माहेरी जा, माहेरचे म्हणतात सासरी."

*

एक दिवस मी अदितीला गाठलं आणि सरळ विचारलं, नस आणि हिरडी यांचा नेमका संबंध काय? ती म्हणाली, "सर, तुम्ही फ्लॅटमध्ये राहिलात का कधी?"

कोरमंगलाला ती राहायची तिथं बेडरूमच्या छताला ओल आली होती. वरचे म्हणत होते तुमचं छत कच्चं, खालचे म्हणत होते तुमचा नळ फुटलाय. दाढेचंही तसंच, ती म्हणाली. दाताच्या आतली नस सडली की ती घाण मुळाच्या टोकातून आणि बारीक भोकांतून बाहेर झिरपते, मुळाच्या कडेनं वर चढते आणि हिरडीशी फुटते. बघणाऱ्याला वाटतं, हिरडीच खराब आहे. उलटही होतं. हिरडीचा आजार खाली खाली उतरत मुळाच्या टोकाशी पोचला की नस मारतो. शेवटी दोन्हीकडं ओल दिसते.

"मग सुरुवात कोणी केली ते कसं ओळखायचं?"

नस जिवंत आहे का ते बघायचं, ती म्हणाली. दाताला थंड लावतात. थंड लागलं, तर पेशंटनं हात वर करायचा. नस मेली असेल तर काही कळत नाही. तिनं अक्कांचं कार्ड उघडून दाखवलं. तीन वेळा चाचणी झाली होती, तीन वेळा लिहिलं होतं: प्रतिसाद आहे, नस जिवंत.

"म्हणून तर आम्ही हात लावत नाही ना, सर. जिवंत नस काढून हिरडी काय बरी होणार आहे?"

मुद्दा बिनतोड होता. मला भयंकर राग आला.

*

उलटी केस आम्हाला बाकावरच भेटली. इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करणारा पुण्याचा एक मॅनेजर. हिरडीतून रक्त यायचं तेव्हा यानं ब्रश बदलला, पेस्ट बदलली, शेवटी कंपनी बदलली, पण डॉक्टरकडं गेला नाही. आजार मुळाच्या टोकापर्यंत पोचला, नस मेली, मग रूट कॅनॉल झालं आणि तरीही दात हलतच होता. हिरडी कोण बघणार, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं त्यानं ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी बधिर करायचं इंजेक्शन घेऊनच तो बाकावर मीटिंगला बसला. पाऊण तास त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. मीटिंग संपल्यावर त्यानं मला फोन दाखवला. टीममधल्या एका मुलीचा मेसेज होता: "सर, आज पहिल्यांदा सगळे मुद्दे पूर्ण झाले. थँक यू."

*

मी प्राचार्यांना चार पानी पत्र लिहिलं. रुग्णाचा चेंडू केला आहे, असं त्यात होतं, आणखीही बरंच होतं. प्राचार्यांनी मला बोलावलं, कॉफी पाजली आणि माझं प्रत्येक वाक्य मान्य केलं. चाळीस मिनिटं भांडायला गेलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. दोन्ही विभागप्रमुख एकत्र दाढ तपासतील, असं ठरलं.

मग प्रश्न आला, कुठं? दुसऱ्या मजल्याचे प्रमुख तिसऱ्यावर चढायला तयार नव्हते, तिसऱ्याचे प्रमुख दुसऱ्यावर उतरायला तयार नव्हते. अखेर दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून अक्कांना बसवलं. एक प्रोफेसर वरच्या पायरीवर, एक खालच्या. अक्कांनी खिडकीकडं तोंड करून आ वासला. येणारे-जाणारे विद्यार्थी त्यांना वळसा घालून जात होते.

दोघांचं एकमत झालं. नस जिवंत आहे आणि हिरडीचा आजार एवढा खोल गेला आहे, तेव्हा आता हिरडी उघडून बघावी. तरी पू थांबला नाही, तर दाढ काढावी.

अक्कांनी तोंड मिटलं आणि कवळी बसवली. त्या रविवारी पोरांचा अभ्यास फक्त 'स'चा झाला.

*

परीक्षा जवळ आली आणि वारं फिरलं. पीजीच्या परीक्षेत प्रत्येकाला आपला पेशंट दाखवावा लागतो, आणि हिरडी की नस असा पेच असलेला दात म्हणजे चांगल्या मार्कांची केस. जी दाढ वर्षभर कोणाला नको होती, तिच्यासाठी दोन्ही मजल्यांवरून फोन येऊ लागले. अदिती रोज सकाळी तब्येत विचारायची. बसवराज एकदा घरी येऊन गेला, येताना निपाणीच्या घरची शेंगाचटणी घेऊन आला.

अक्कांनी बसवराजला हो म्हटलं. मी विचारलं, चटणीमुळं?

"छे. ती मुलगी सारखं नसेचं विचारते," अक्का म्हणाल्या. "हा आपला हिरडीतच बघतो. गुणाचा आहे."

तेव्हा मला यातलं काहीही कळलं नाही. एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी छापायची नाही, हे मी ज्युनियरांना जन्मभर शिकवलं होतं.

*

परीक्षेला नातेवाइकांना प्रवेश नव्हता. पण अक्कांच्या कवळीची डबी माझ्या हातात होती, म्हणून मला भिंतीशी उभं राहू दिलं. परीक्षक बाहेरून आलेले, हुबळीकडचे, निवृत्तीला टेकलेले. बोलणं सगळं कन्नडात चाललं होतं, मी मराठीत सांगतो.

बसवराजनं केस मांडली. थंडाला प्रतिसाद आहे, नस जिवंत, आजार हिरडीचा. परीक्षक म्हणाले, बघू. त्यांनी चिमट्यात कापसाचा बोळा धरला, अक्कांना आ करायला सांगितलं आणि बोळा दाढेला टेकवला. तत्क्षणी अक्कांचा हात वर.

"थंड लागलं?"

"फार. बर्फासारखं."

परीक्षकांनी बोळा बाहेर काढून बसवराजच्या तळहातावर ठेवला. तो कोरडा होता. थंड फवाऱ्याची बाटली ट्रेमध्येच होती, झाकणासकट. बसवराजनं बोळा उलटासुलटा करून बघितला. मग हळूच म्हणाला, "अक्का, तीनही वेळा?"

अक्का आधी छताकडं बघत होत्या. मग त्यांनी परीक्षकांकडं बघितलं. "मेली म्हटलं की तुम्ही काढून टाकणार. मेलेलं कोण घरात ठेवतं?"

"अम्मा, उलटं आहे," परीक्षक म्हणाले. "नस मेली असेल, तर मुळं आतून साफ करून भरतो आणि दात ठेवतो. पू तिथूनच येत असला तर मग हिरडीही सावरते. तुम्ही जिवंत जिवंत म्हणत राहिलात, म्हणून दाढ जाणार होती."

अक्कांनी हे दोनदा सांगायला लावलं. मेलेला ठेवतात? ठेवतात. नक्की? नक्की.

मग परीक्षकांनी फवारा खराखुरा मारला. बोळ्यावर पांढरी कणी धरली. त्यांनी तो दाढेला लावला आणि थांबले. अक्कांचे दोन्ही हात मांडीवर, स्वस्थ. बसवराजनं कार्डावरचं 'जिवंत' खोडलं आणि खाली स्वतःहून लिहिलं: आधी रूट कॅनॉल, दुसरा मजला. परीक्षकांनी मान हलवली.

पण चाचणी पूर्ण व्हायला धडधाकट दाताशी तुलना करावी लागते. त्यांनी नवा बोळा घेतला, फवारा मारला आणि अक्कांच्या खालच्या पुढच्या दाताला लावला.

अक्कांचे खांदे वर आले. पायाची बोटं चपलेत आखडली. डोळ्यांतून पाणी येऊन कानापर्यंत ओघळलं. हात मांडीवरून हलले नाहीत.

परीक्षकांनी बोळा काढला. अक्कांनी पदरानं डोळे टिपले आणि बसवराजच्या हातातल्या कार्डाकडं बोट केलं.

"हा पण मेलाय. लिहून घे, बसण्णा."